पासपोर्टची झेरॉक्स कोण काढणार?

यंत्र आणि माणूस : लेखांक ६

मागच्या लेखात आपण न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात होतो. १९६१ साली तिथे युनिमेट हा यांत्रिक हात कामाला लागला आणि साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलू लागला. त्याचं काम एका जागी, ठरलेल्या चालीचं होतं. आज कारखान्याबाहेर पडू. हॉटेलात, बँकेत, उपाहारगृहात यंत्रासमोर धातूचा तुकडा नसतो, माणूस असतो. इथल्या नोकऱ्याही रोबो घेतील का?

या प्रश्नाचा सगळ्यात धीट प्रयोग जपानमध्ये झाला. नागासाकी प्रांतात, सासेबो शहराजवळ हुइस तेन बॉश नावाचं मोठं मनोरंजन उद्यान आहे. तिथे जुलै २०१५ मध्ये ‘हेन ना हॉटेल’ सुरू झालं. रोबोंनी चालवलेलं जगातलं पहिलं हॉटेल म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद आहे. स्वागतकक्षात डायनासोरच्या रूपातला रोबो, सामान खोलीपर्यंत नेणाऱ्या चाकांच्या गाड्या, प्रत्येक खोलीत प्रश्नांना उत्तरं देणारी छोटी बाहुली असा सगळा थाट होता. रोबोंची संख्या वाढत वाढत २४३ वर गेली. आणि २०१९ च्या सुरुवातीला बातमी आली, की त्यांतल्या निम्म्याहून अधिक रोबोंना कामावरून काढलं आहे.

का काढलं, हे बारकाईने पाहण्यासारखं आहे. डायनासोर पाहुण्याचं स्वागत करी, पण परदेशी पाहुण्याच्या पासपोर्टची झेरॉक्स काढायला माणसालाच यावं लागे. सामानाच्या गाड्या शंभरावर खोल्यांपैकी जेमतेम दोन डझन खोल्यांपर्यंत पोहोचत. पाऊस किंवा बर्फ पडला, की त्या वाटेत अडत. खोलीतल्या बाहुलीला उद्यान किती वाजता उघडतं यासारखे साधे प्रश्नही झेपत नसत. एका पाहुण्याला तर ती रात्रीतून अनेकदा उठवत राहिली. त्याचं घोरणं तिला बोलणं वाटे आणि ‘तुमचं म्हणणं कळलं नाही, पुन्हा सांगाल का?’ असं ती विचारी. या सगळ्यांची निगा राखता राखता कर्मचाऱ्यांना जादा वेळ थांबावं लागू लागलं. माणसाचं काम हलकं करायला आणलेल्या यंत्रांनी माणसालाच आपल्या दिमतीला लावलं होतं.

यंत्र अडलं ते अवघड कामांत नव्हे. माणूस ज्यांना काम म्हणतही नाही, तिथे ते अडलं. रोबोशास्त्रज्ञ हान्स मोरावेक यांनी १९८८ मध्येच हे मांडलं होतं. बुद्धिमत्तेच्या चाचणीत किंवा पटावरच्या खेळात यंत्राला मोठ्या माणसाच्या तोडीचं करणं तुलनेनं सोपं, पण वर्षाच्या बाळाइतकं पाहायला नि हालचाल करायला शिकवणं फार कठीण. झोपलेला माणूस ओळखणं, ओल्या फरशीवर तोल सांभाळणं ही आपल्याला कोणी न शिकवताच येणारी कौशल्यं आहेत. म्हणूनच आपण त्यांची किंमत करत नाही.

म्हणून माझं उत्तर असं आहे : प्रत्येक नोकरीत एक लिहिलेलं काम असतं आणि एक न लिहिलेलं. यंत्र आधी लिहिलेलं काम उचलतं.

बँकेचं उदाहरण घ्या. पैसे देणारं पहिलं एटीएम १९६७ मध्ये लंडनच्या एनफिल्ड भागात बार्कलेज बँकेनं बसवलं. आपल्याकडे ते १९८७ मध्ये मुंबईत, एचएसबीसीच्या शाखेत आलं. यंत्रच नोटा मोजून देऊ लागल्यावर कॅशियर उरणार नाही, असं वाटणं साहजिक होतं. अमेरिकेत मात्र वेगळंच घडलं. अर्थतज्ज्ञ जेम्स बेसेन यांनी दाखवलं, की शहरी शाखेतले सरासरी २० कॅशियर १९८८ ते २००४ या काळात १३ वर आले. पण शाखा चालवणं स्वस्त झाल्यामुळे बँकांनी ४० टक्क्यांहून अधिक नव्या शाखा उघडल्या, आणि एकूण कॅशियर कमी झाले नाहीत. त्यांचं काम बदललं : नोटा मोजण्याऐवजी ग्राहकाची गरज ओळखून त्याला सल्ला देणं.

पण गोष्ट इथे थांबली नाही. पुढे मोबाइलवरून व्यवहार होऊ लागले, शाखेत जाण्याचं कारणच कमी झालं आणि कॅशियरची संख्या घटू लागली. जे एटीएमनं केलं नाही ते खिशातल्या फोननं केलं. नोकरीला धोका नेहमी शेजारी उभ्या केलेल्या रोबोकडूनच येतो असं नाही. कधी ग्राहकाची पावलंच तिकडे वळेनाशी होतात.

उपाहारगृहात तिसरीच तऱ्हा दिसते. जपानमधल्या स्कायलार्क समूहाच्या उपाहारगृहांत मांजरीच्या चेहऱ्याचे रोबो टेबलापर्यंत पदार्थ आणतात. पण त्यांना हात नाहीत. ताटल्या गिऱ्हाइकाने स्वतः उचलून घ्यायच्या. म्हणजे वेटरच्या कामाचा एक भाग यंत्राकडे गेला आणि एक आपल्याकडे सरकला. जपानमध्ये काम करणारे हातच कमी पडत आहेत, म्हणून तिथे हे रोबो कोणाला उपरे वाटत नाहीत. जिथे एका जागेसाठी शंभर अर्ज येतात, तिथे तेच यंत्र कोणाच्या तरी घरची चूल विझवू शकतं. यंत्र एकच असतं, पण त्याचा परिणाम ते कुठल्या समाजात येतं यावर ठरतो.

तोक्योच्या निहोनबाशी भागातलं ‘डॉन’ कॅफे मला या सगळ्यांत मोलाचं वाटतं. २०२१ पासून तिथे ओरिहिमे नावाचे रोबो गिऱ्हाइकांशी बोलतात, कॉफी आणून देतात. मात्र प्रत्येक रोबोमागे घरून तो चालवणारा एक माणूस असतो. गंभीर आजार किंवा अपंगत्वामुळे ज्यांना घराबाहेर पडता येत नाही, अशी ही माणसं आहेत. काही जण केवळ डोळ्यांच्या हालचालींनी रोबो चालवतात, आणि या कामाचा त्यांना पगार मिळतो. इथे यंत्रानं माणसाची जागा घेतली नाही, ज्याला जागाच नव्हती त्याला ती दिली. यंत्र कशासाठी आणायचं हे माणसंच ठरवतात, याचा याहून स्पष्ट पुरावा नसेल.

मला भीती वेगळी वाटते. लिहिलेलं काम यंत्राकडे गेलं, की माणसाकडे न लिहिलेलं उरेल : चिडलेल्या गिऱ्हाइकाला शांत करणं, घाबरलेल्या म्हाताऱ्याला धीर देणं, अडलेलं यंत्र सोडवणं. ही कामं जास्त दमवणारी आहेत आणि आजवर आपण ती फुकटात धरली. ती आता पगारपत्रकात आली पाहिजेत. रोबोबद्दलच्या चर्चेत ही मागणी सर्वांत आधी व्हायला हवी.

पुढच्या लेखापर्यंत एक करून पाहा. बँकेत, दुकानात किंवा दवाखान्यात तुमचं काम करणाऱ्या माणसाकडे दहा मिनिटं नीट पाहा आणि तो काय काय करतो ते कागदावर उतरवा. मग त्यातल्या कोणकोणत्या गोष्टी त्याच्या नोकरीच्या जाहिरातीत असतील, त्यावर खूण करा. खूण न झालेल्या ओळींपासूनच आपण पुढचा लेख सुरू करू. विषय असेल म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा, आणि त्यासाठी जपानमध्येच घडवलेला पारो हा सीलच्या पिल्लासारखा रोबो.