मित्रांना कड्यावर नेताना

पावसाळा सरला, सह्याद्रीतले कातळ कोरडे झाले, की प्रस्तरारोहणाचा हंगाम सुरू होतो. गिर्यारोहण संस्थांच्या शिबिरात रीतसर शिकणारे बरेच असतात. पण पुष्कळांची पहिली चढाई मित्राच्या भरवशावर होते. चार-सहा वेळा कातळ चढलेला एखादा जण कॉलेजातल्या किंवा ऑफिसातल्या दोस्तांना घेऊन रविवारी निघतो. हेतू चांगलाच असतो. अडचण अशी, की मैत्रीत तपासणीचा संकोच वाटतो. 'तुझी गाठ दाखव' असे म्हणणे अविश्वासाचे वाटते आणि 'मला भीती वाटते' असे म्हणणे कमीपणाचे. कातळाला मात्र या संकोचाशी काही देणेघेणे नसते.

चार मीटरवरून, म्हणजे साधारण एकमजली घराच्या गच्चीवरून पडणारा माणूस एका सेकंदाच्या आत जमिनीवर येतो. त्या क्षणी त्याचा वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास असतो. टाच, घोटा, मणका, मनगट आणि डोके यांना हा आघात झेपत नाही. म्हणून 'थोडेच तर उंच आहे' हे हेल्मेट न घालण्याचे कारण होऊ शकत नाही. शिवाय सह्याद्रीचा बेसॉल्ट थराथरांचा आहे. थरांमधला भाग झिजून दगड सुटे होतात. खाली उभ्या असलेल्यांच्या डोक्यावरही हेल्मेट हवेच.

आधी खालचा माणूस तयार करा

नवख्याची चढाई नेहमी वरून बांधलेल्या दोरावर, म्हणजे 'टॉप रोप'वर व्हावी. वरचा आधार किमान दोन स्वतंत्र ठिकाणी असावा आणि तो प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीनेच उभारावा. चढाईचा दोर ताणला जातो आणि पडण्याचा झटका शोषून घेतो. बाजारातल्या साध्या नायलॉनच्या दोरीत ही सोय नसते.

खालून दोर सांभाळण्याच्या कामाला 'बिले' म्हणतात. चढणे शिकवण्याआधी हे शिकवावे. ब्रेकचा हात दोरावरून क्षणभरही सुटता कामा नये. बिले करणारा नवा असेल, तर त्याच्यामागे तिसऱ्याने दोर धरून उभे राहावे. त्या वेळी मोबाइल खिशातच बरा. चढणारा खाली उतरत असताना दोर अपुरा पडून त्याचे टोक यंत्रातून निसटते आणि अपघात होतो. दोराच्या मोकळ्या टोकाला गाठ मारली की हा धोका टळतो.

दर चढाईपूर्वी दोघांनी एकमेकांना तपासावे, तेही मोठ्याने बोलून: हार्नेसचा पट्टा कमरेच्या हाडाच्या वर आहे का, बक्कल घट्ट आहे का, आठच्या आकाराची गाठ पूर्ण आहे का, कॅराबिनर बंद होऊन लॉक झाला आहे का. शंभर वेळा चढलेल्यालाही यातून सूट नाही. बोटातल्या अंगठ्या काढून ठेवाव्यात. खाचेत अडकलेली अंगठी बोटाची कातडी सोलून काढू शकते. लांब केस आणि ओढणी बांधून घ्यावी.

भीती आणि बोटे

घाबरलेला माणूस पकड गरजेपेक्षा जास्त आवळतो. स्नायू सतत आवळलेला राहिला, की त्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि रक्तपुरवठा घटतो. कोपराखालचा हात टणक होतो, बोटे आपोआप उघडू लागतात. अशा वेळी 'जोर लाव' असे ओरडून उपयोग नसतो. हात सरळ ठेव, वजन पायांवर घे, श्वास सोड, असे शांतपणे सांगावे. तरीही पाय थरथरत असतील, तर खाली घ्यावे.

स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात. स्नायूबंध आणि अस्थिबंध यांना महिने लागतात. त्यामुळे दुसऱ्याच महिन्यात 'आता जमतंय' असे वाटून बारीक कडांवर लटकणाऱ्यांची बोटे दुखावतात. बोटातून 'टक्' असा आवाज येऊन वेदना किंवा सूज आली, तर चढणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. वाढीच्या वयातल्या मुलांत बोटाच्या मधल्या सांध्याचे दुखणे अंगावर काढू नये. तिथे हाडाच्या वाढीच्या भागाला इजा झालेली असू शकते. अपस्मार, अनियंत्रित रक्तदाब, हृदयविकार, वारंवार निखळणारा खांदा किंवा गर्भारपण असेल, तर आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

अपघात झालाच तर

दोरावर निश्चल लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचते आणि तो बेशुद्ध होऊ शकतो. त्याला लवकरात लवकर खाली घेऊन आडवे निजवावे. अशाला बसवूनच ठेवावे, हा जुना सल्ला आता मागे पडला आहे.

उंचावरून पडलेल्याला उचलून उभे करू नये. मान-पाठ हलू न देता मदतीची वाट पाहावी. रक्तस्राव असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे, तोंडाने काही देऊ नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डोक्याला मार लागल्यावर उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी किंवा बोलण्यात गोंधळ दिसला, तर 'झोपू दे, बरं वाटेल' म्हणून थांबू नये. अनेक कड्यांपाशी मोबाइलला रेंज नसते. जवळची रेंज कुठे आहे आणि गाडीरस्ता कुठे आहे, हे निघण्याआधीच माहीत असावे. कड्यावर आग्या मोहोळ दिसले, तर तिथे चढाई करूच नये.

ज्याला आधार उभारणे स्वतःला येत नाही, त्याने मित्रांना कड्यावर न नेता आधी कृत्रिम भिंतीवर किंवा संस्थेच्या शिबिरात न्यावे. आपणही त्यांच्याबरोबर शिकावे. आणि पायथ्याशी पोहोचल्यावर एखादा 'आज नको' म्हणाला, तर त्याची थट्टा करू नये. त्याला बिले शिकवावे. कातळ पुढच्या रविवारीही तिथेच असतो.