१०८ च्या आधी सहा

मोबाइलवरची १०८ सूर्यनमस्कारांची आव्हानं नवख्यांसाठी नाहीत. हा व्यायाम औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी गेल्या शतकात घरोघरी नेला, आणि यवतमाळशेजारी अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे. म्हणजे नवा आहे तो मोबाइलवरच्या आव्हानांचा सोस. एका नमस्कारात बारा स्थिती, त्यांत मनगटं, खांदे आणि कंबर यांवर आळीपाळीने भार. स्नायू काही आठवड्यांत सरावतात, स्नायुबंधांना मात्र जास्त काळ लागतो. म्हणून सुरुवातीला सहा, तेही सावकाश, पुरेत.

इतक्याने काय होणार, असं कुणी म्हणेल. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवते. त्यात भरभर चालणंही धरलं जातं, तेव्हा सगळा हिशेब नमस्कारांनीच भरायला नको. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईला हे कशाला? खरंच, तिला आणखी वाकणं नको, विसावा हवा. हा सल्ला गल्ल्यावर बसून राहणाऱ्यांसाठी आहे. त्यांनीही यवतमाळच्या मे महिन्यात पहाटेच आटपावं, आणि गुडघेदुखी किंवा रक्तदाब असल्यास आधी डॉक्टरांना विचारावं.