खाकी हवी, पण पदवी कोणती?

शिरगावच्या लईराईच्या जत्रेला डिचोली-पेडण्याबरोबरच घाटमाथ्यावरूनही माणसे जातात. ३ मे २०२५ च्या पहाटे त्या जत्रेत उताराच्या वाटेवर गर्दीचा लोट आला आणि किमान सहा जणांचा जीव गेला. बंदोबस्त होता, तरीही हे घडले.

गर्दी हाताळणे हा शिकण्याचा विषय आहे, हे आपल्याकडे फारसे कुणाच्या गावी नाही. चौरस मीटरला पाच-सहांहून अधिक माणसे झाली की पायांवरचा ताबा सुटतो आणि गर्दी पाण्यासारखी वाहू लागते. माणसे बहुधा दबून, श्वास कोंडून जातात. तुडवली जाऊन मरणारे त्यामानाने कमी. म्हणून वाट किती रुंद ठेवायची, येणारे-जाणारे कुठे वेगळे काढायचे, उतारावर दुकाने मांडू द्यायची का, हे जत्रेआधीच ठरवावे लागते. काठी आणि शिट्टी त्यानंतर.

असे विषय शिकवणाऱ्या पदव्या आता देशात आहेत. गांधीनगरजवळच्या लवाड गावातील राष्ट्रीय रक्षा विद्यापीठाला २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय दर्जा मिळाला. तिथे सुरक्षा व्यवस्थापनात बी.ए. करता येते. त्याची एक शाखा कर्नाटकात शिवमोग्ग्यालाही आहे, पण तिथे कोणते अभ्यासक्रम चालू आहेत ते प्रवेशाआधी पाहून घ्यावे. बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठात क्रिमिनॉलॉजीचा, म्हणजे गुन्हेशास्त्राचा विभाग आहे, तो पदव्युत्तर शिक्षणासाठी. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातही हा विषय जुना आहे.

मात्र पालकांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. गोवा पोलिसात उपनिरीक्षकासाठी मान्यताप्राप्त विद्यापीठाची कुठलीही पदवी चालते. पेडण्याचा मुलगा विर्नोड्याच्या सरकारी कॉलेजात किंवा डिचोलीची मुलगी साखळीला बी.ए., बी.कॉम. करत असेल, तर तिचे काही अडत नाही. खाकीतले प्रशिक्षण भरतीनंतर, सत्तरीत वाळपईच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात मिळतेच. 'पोलीस पदवी घ्या, नोकरी पक्की' असे सांगून कुणी लाखांची फी मागत असेल तर दोन पावले मागे सरावे.

खरी आडकाठी वेगळीच असते. गोव्यातल्या सरकारी नोकरीला सर्वसाधारणपणे पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि कोकणीचे ज्ञान लागते. मराठी येणे ही जमेची बाजू. आपल्या सीमाभागातील, घरात मराठी आणि बाहेर कानडी बोलणाऱ्या मुलांना ही अट नेमकी शेवटच्या क्षणी कळते. त्यांच्यासाठी केंद्राची वाट मोकळी आहे. २०२४ पासून केंद्रीय दलांच्या कॉन्स्टेबल भरतीची परीक्षा हिंदी-इंग्रजीखेरीज तेरा भाषांतून होते, त्यांत मराठी, कोकणी आणि कन्नड तिन्ही आहेत. मोपाच्या विमानतळावर पहारा देणारे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल याच भरतीतून जवान घेते. जानेवारी २०२३ मध्ये तिथून विमाने उडू लागली, आणि पेडण्यातल्या पोरांना हा गणवेश घराजवळ दिसू लागला.

विज्ञानाच्या मुलांनी मात्र न्यायवैद्यक शाखेकडे लक्ष द्यावे, असे आम्हांला वाटते. राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचे गोव्यातले वर्ग फोंड्याजवळ कुर्टीला सुरू झाले. धारबांदोड्याच्या कायम आवाराची पायाभरणी ऑक्टोबर २०२१ मध्ये झाली. धारवाडलाही जानेवारी २०२३ मध्ये अशीच पायाभरणी झाली. या विद्यापीठात बारावीनंतर पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७६ व्या कलमानुसार, सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आहेत. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. इतके तज्ज्ञ आज आहेत कुठे?

आणि पदवी कुठलीही घ्या, पायांना सवय आताच लावा. केंद्रीय दलांत उपनिरीक्षक व्हायचे तर मुलांना १.६ किलोमीटर साडेसहा मिनिटांत आणि मुलींना ८०० मीटर चार मिनिटांत धावावे लागते.