बजबज : काम करणाऱ्यांचे वय

कोलकात्याच्या नैर्ऋत्येस, हुगळी नदीच्या डाव्या काठावर बजबज हे औद्योगिक शहर वसले आहे. तागाच्या गिरण्या आणि खनिज तेल साठविण्याच्या टाक्या ही त्याची जुनी ओळख. २०११ च्या जनगणनेत येथील नगरपालिकेच्या हद्दीत सुमारे ७७ हजार लोकांची नोंद झाली. त्यांपैकी किती जण काम करतात, हे महत्त्वाचे आहेच. परंतु ते कोणत्या वयाचे आहेत हे कळल्याशिवाय त्या संख्येचा अर्थ नीट लागत नाही. दोन गावांत काम करणाऱ्यांची संख्या सारखी असेल. पण एका गावात बहुतेक जण पंचविशीतले आणि दुसऱ्यात पन्नाशी ओलांडलेले असतील, तर दहा वर्षांनी त्या गावांच्या गरजा अगदी निराळ्या असतील. काम करणाऱ्यांच्या वयोगटांनुसार केलेल्या या विभागणीला त्यांची वयोरचना म्हणतात.

येथे एक भेद प्रथम ध्यानात घ्यावा लागतो. जनगणना माणसाची नोंद त्याच्या राहत्या ठिकाणी करते, कामाच्या ठिकाणी नव्हे. बजबजहून सकाळच्या लोकलने सियालदहकडे जाणारा कारकून बजबजच्या रहिवासी कामगारांत मोजला जातो. उलट, समोरच्या काठावरील बाउडिया येथून होडीने नदी ओलांडून बजबजच्या गिरणीत येणारा कामगार त्यांत धरला जात नाही. म्हणून गिरण्यांच्या हजेरीपटावरून शहराची वयोरचना काढता येत नाही, आणि शहराच्या आकड्यांवरून गिरणीची स्थितीही सांगता येत नाही.

वयोरचनेची खालची सीमा कायद्याने हळूहळू वर सरकविली आहे. १८८१ च्या कारखाने कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली. म्हणजे आठ वर्षांचे मूल तेव्हा कायदेशीर कामगार ठरत होते! १८९१ मध्ये ही मर्यादा नऊ वर्षे, १९२२ मध्ये बारा वर्षे आणि १९४८ च्या कायद्याने चौदा वर्षे झाली. बंगालच्या ताग गिरण्यांत सूतकताईच्या खात्यात भरलेल्या बॉबिनी काढून रिकाम्या लावण्याचे काम मुले करीत असत. लहान बोटांचे हे काम पुढे मोठ्यांकडे गेले. गिरणीबाहेर मात्र कायद्याची नजर तितकी सहज पोहोचत नाही. बजबजलगतच्या महेशतला भागात शिवणकाम घरोघरी चालते. अशा कामाला ना भोंगा, ना हजेरीपट. आईला काजे करून देणारी मुलगी काम करते की घरात मदत करते, याचे उत्तर घरातील माणसे जे देतील तेच बहुधा नोंदले जाते.

वरच्या सीमेची गोष्ट वेगळी आहे. ताग गिरण्यांतील पुष्कळ कामगार बिहार, उत्तर प्रदेश व ओडिशा येथून आले. तरुणपणी एकटे यायचे, कुटुंब गावी ठेवायचे आणि हातपाय थकल्यावर परत जायचे, ही रीत मुंबईच्या गिरणगावातील कोकण व साताऱ्याकडील कामगारांच्या परिचयाची आहे. असे स्थलांतरित जिथे मोठ्या संख्येने असतात, तिथे तरुण व मध्यमवयीन पुरुषांचे प्रमाण अधिक दिसते, वृद्धांचे कमी. म्हातारे दिसत नाहीत याचा अर्थ कामगार म्हातारे होत नाहीत असा नव्हे. त्यांचे म्हातारपण दुसऱ्या जिल्ह्याच्या आकड्यांत नोंदले जाते.

नवी भरती थांबली की चित्र पालटते. आहेत तेच कामगार वर्षागणिक वयाने वाढत जातात आणि खालचे गट रिकामे राहतात. मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. त्यानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या, तेव्हा चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांवर दुसरे काम शोधण्याची पाळी आली. विणकाराचे कौशल्य हातात होते, पण त्या वयात नवा मालक मिळणे कठीण होते.

वय नोंदविण्यातही अडचण असते. ज्यांचा जन्मदाखला नाही, ते वय विचारल्यावर तीस, पस्तीस, चाळीस असे गोल आकडे सांगतात. त्यामुळे भारतीय जनगणनेत शून्य किंवा पाच हा अंक शेवटी असलेल्या वयांवर माणसांची गर्दी दिसते आणि एकोणतीस किंवा एक्केचाळीस या वयांवर ती विरळ असते. आकडेवारी पाच-पाच वर्षांच्या गटांत मांडल्याने हा दोष काहीसा झाकला जातो. कामगाराच्या कागदपत्रांत मात्र असा आडोसा नाही. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत पूर्ण निवृत्तिवेतनासाठी ५८ वर्षे वय धरले आहे. नोकरीत लागताना कोणी अंदाजाने लिहिलेले वय चार वर्षांनी जास्त असेल, तर चार वर्षांची मजुरी जाऊ शकते; कमी असेल, तर थकलेल्या शरीराने आणखी चार वर्षे पाळी भरावी लागते.

बदली कामगाराची नोंद आणखी गुंतागुंतीची. कायम कामगार गैरहजर असेल त्या दिवशीच त्याला काम मिळते. जनगणनेत वर्षातून सहा महिने किंवा अधिक काम केलेल्यांना ‘मुख्य’ आणि त्याहून कमी काम केलेल्यांना ‘सीमांतिक’ काम करणारे म्हणतात. म्हणून रोज फाटकाशी उभा राहणारा बावीस वर्षांचा तरुण, त्याला वर्षात किती पाळ्या मिळाल्या त्यावरून, एका किंवा दुसऱ्या रकान्यात जातो. २०२१ ची जनगणना झाली नाही. पुढील जनगणनेसाठी देशाच्या बहुतेक भागांकरिता १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक जाहीर झाला आहे.