सिमकार्ड काढताना आणि बदलताना

व्यापारी असो वा कारागीर, आज त्याचा निम्मा कारोबार मोबाईलच्या नंबरावर चालतो. मालेगाव-भिवंडीचा यंत्रमागधारक सुताचा भाव याच नंबरावर विचारतो. मिरजेचा सतार बनविणारा कारागीर परगावच्या गिऱ्हाइकाची मागणी याच नंबरावर घेतो. बँकेचा ओटीपी, यूपीआयचा व्यवहार, जीएसटीच्या पोर्टलचा संदेश हे सर्व त्याच नंबरावर येते. हा नंबर ज्या कार्डावर चालतो ते सिमकार्ड मात्र नखाएवढे असते. गल्ल्याची किल्ली आपण कमरेला बांधून ठेवतो आणि सिमकार्ड कोणाच्याही हाती देतो. म्हणून ते काढावे कसे, बदलावे कधी आणि बदलताना काय सांभाळावे, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

सिमकार्डात काय असते?

पहिली सिमकार्डे १९९१ मध्ये जर्मनीतील म्युनिकच्या एका कंपनीने फिनलंडच्या मोबाईल कंपनीसाठी तयार केली. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी मोबाईल सेवा सुरू झाली. सुरुवातीचे सिम बँकेच्या कार्डाएवढे मोठे असे. आजचे नॅनो सिम १२.३ मिलिमीटर लांब आणि ८.८ मिलिमीटर रुंद असते. प्लॅस्टिक कमी झाले, काम तेच राहिले.

या कार्डात ग्राहकाचा ओळख क्रमांक आणि एक गुप्त किल्ली साठवलेली असते. फोन सुरू झाला की कंपनीची यंत्रणा ही किल्ली तपासते आणि मगच नंबर चालू होतो. फोटो, व्हॉट्सअॅपचे संदेश आणि हिशेबाचे अॅप सिममध्ये नसतात, ते फोनमध्ये असतात. त्यामुळे सिम काढल्याने फोनमधील माहिती पुसली जात नाही. तसेच ते दुसऱ्या फोनमध्ये घातल्याने जुनी माहिती आपोआप तिकडे जात नाही. काही जुनी नावे-नंबर मात्र सिमवर साठवलेली असू शकतात. ती आधी फोनमध्ये किंवा गुगल खात्यात उतरवून घ्यावीत.

कार्ड काढण्याची रीत

प्रथम फोन बंद करावा. बरेच नवे फोन चालू असतानाही सिम काढू देतात, पण बंद करणे केव्हाही चांगले. फोनच्या कडेला सिमचा ट्रे असतो. ट्रेच्या चौकटीतच एक बारीक छिद्र असते. फोनसोबत मिळालेली पिन त्या छिद्रात सरळ घालून हळूच दाबावी, म्हणजे ट्रे थोडा बाहेर येतो. मग तो बोटांनी सरळ ओढून घ्यावा.

येथे एक चूक नेहमी होते. फोनच्या वरच्या-खालच्या कडेला मायक्रोफोनचेही तसेच छिद्र असते. त्यात पिन गेली तर मायक्रोफोन बिघडतो आणि आपला आवाज समोरच्याला ऐकू जात नाही. म्हणून छिद्र ट्रेच्या रेषेच्या आत आहे की नाही हे आधी पाहावे. पिन सापडत नसेल तर कागदाची क्लिप सरळ करून वापरता येते. शिवणाची सुई किंवा दाभण मुळीच वापरू नये. त्याचे टोक आतील भाग खरवडते.

सिमच्या एका कोपऱ्याला तिरका काप असतो आणि ट्रेच्या खाचेलाही तसाच असतो. दोन्ही जुळले की कार्ड आपोआप नीट बसते. बळ लावावे लागत असेल तर कार्ड उलटे आहे असे समजावे. काही फोनांत दोन सिमसाठी ट्रेच्या दोन्ही बाजूंना खाचा असतात. काहींमध्ये दुसरे सिम किंवा मेमरी कार्ड यांपैकी एकच बसते. फोन घेण्यापूर्वी दुकानदाराला हे विचारून घ्यावे.

ज्यांचे काम सुताच्या पिंजीत, लाकडाच्या भुशात किंवा तेल-अत्तरात चालते, त्यांनी कामाच्या जागी ट्रे उघडू नये. कार्डाच्या सोनेरी भागावर धूळ किंवा तेलाचा थर बसला की फोन "सिम नाही" असे दाखवू लागतो. अशा वेळी कोरड्या सुती कापडाने तो भाग हलकेच पुसावा. थुंकी लावणे, पॉलिश पेपरने घासणे हे उपाय कार्ड निकामी करतात. अनेक फोनांच्या ट्रेला पाणी आत जाऊ नये म्हणून बारीक रबर असते. ते निघणार नाही याकडे लक्ष द्यावे.

दोन वेगळ्या गोष्टी

लोक "सिम बदलले" असे म्हणतात तेव्हा त्यात दोन निराळ्या गोष्टी येतात. त्यांत घोटाळा झाला की नुकसान होते.

पहिली गोष्ट : तेच कार्ड जुन्या फोनमधून काढून नव्या फोनमध्ये घालणे. यासाठी कंपनीकडे जावे लागत नाही. कॉल आणि एसएमएस लगेच सुरू होतात. पण यूपीआयचे अॅप नव्या फोनवर पुन्हा नोंदवावे लागते. नोंदणीच्या वेळी अॅप त्याच सिमवरून बँकेकडे एक एसएमएस पाठवते. म्हणून सिम त्याच फोनमध्ये असणे आणि एसएमएस जाण्याइतके रिचार्ज असणे गरजेचे आहे. नव्या फोनवर पहिले २४ तास पैसे पाठविण्याची मर्यादा कमी, साधारण ५,००० रुपयांची असते. व्यापाऱ्याला सुताचे किंवा मालाचे मोठे पैसे द्यायचे असतील तर त्याच दिवशी फोन बदलू नये.

दुसरी गोष्ट : नंबर तोच ठेवून नवे कार्ड घेणे. कार्ड हरवले, खराब झाले किंवा ई-सिम घेतले की हे करावे लागते. कंपनीच्या दुकानात ओळख पटवून नवे कार्ड मिळते. ते सुरू होताच जुने कार्ड बंद पडते. त्यानंतर २४ तास एसएमएस सेवा बंद ठेवली जाते. या काळात बँकेचा ओटीपी येत नाही. हा नियम ग्राहकाच्या रक्षणासाठी आहे, पण तो ठाऊक नसला की धंदा अडतो. मजुरी वाटण्याचा दिवस, हप्त्याचा दिवस, जीएसटीचे विवरणपत्र भरण्याची मुदत हे टाळून नवे कार्ड घ्यावे. तसेच १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या ट्रायच्या नियमानुसार, नवे कार्ड घेतल्यावर ७ दिवस तो नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही.

दुकानात लावलेल्या क्यूआर कोडची काळजी करण्याचे कारण नाही. तो कोड बँक खात्याशी जोडलेला असतो. सिम बाहेर काढलेले असले तरी गिऱ्हाइकाचे पैसे खात्यात जमा होतात. आवाज देणाऱ्या साऊंडबॉक्सची जोडणी वेगळी असल्याने तोही बोलत राहतो. अडते ते आपल्या फोनवर जमा पाहणे आणि दुसऱ्याला पैसे पाठविणे.

नंबर चोरीला जातो तो असा

चोर कार्ड न चोरताही नंबर चोरतो. बनावट कागद दाखवून किंवा ग्राहकाकडूनच ओटीपी काढून तो आपल्या नंबराचे नवे कार्ड स्वतःच्या हाती घेतो. आपले कार्ड बंद पडते आणि बँकेचे संदेश त्याच्याकडे जाऊ लागतात. डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईत माहीमच्या एका कापड व्यापाऱ्याच्या फोनवर रात्री सहा मिस्ड कॉल आले आणि सिम बंद पडले. सकाळपर्यंत त्यांच्या कंपनीच्या खात्यातून सुमारे १ कोटी ८६ लाख रुपये निघून गेले होते. रात्रीची वेळ, झोपलेला मालक आणि बंद पडलेले सिम, एवढे चोराला पुरेसे झाले.

नेटवर्क काही कारण नसताना गेले आणि शेजारच्याच्या त्याच कंपनीच्या फोनला मात्र ते आहे, तर "येईल थोड्या वेळाने" म्हणून बसू नये. दुसऱ्याच्या फोनवरून लगेच कंपनीला विचारावे आणि बँकेला खाते रोखण्यास सांगावे. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरवून दिले की चूक बँकेची वा ग्राहकाची नसून तिसऱ्याच कोणाची असेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळविले, तर त्याचा भार ग्राहकावर पडत नाही. ४ ते ७ दिवसांत कळविल्यास ठराविक मर्यादेपर्यंत भार पडतो. उशीर हेच येथे नुकसानीचे कारण होते. मात्र ओटीपी आपणच सांगितला असेल तर कळवीपर्यंतचे नुकसान आपल्याच पदरी पडते.

"तुमचे सिम ५जी करून देतो", "ई-सिम मोफत करून देतो" असे सांगून फोनवर ओटीपी किंवा क्यूआर कोड मागणाऱ्याला काहीही देऊ नये. हे काम कंपनीच्या दुकानात जाऊन किंवा कंपनीच्या स्वतःच्या अॅपवरूनच करावे.

सिमला कुलूप लावा

फोनला कुलूप असते, पण सिमला नसते. फोन चोरीस गेला तर चोर सिम काढून आपल्या फोनमध्ये घालतो आणि आपले ओटीपी त्याला दिसू लागतात. यावर उपाय म्हणजे सिमचा पिन. फोनच्या सेटिंगमध्ये सुरक्षेच्या भागात सिम लॉकची सोय असते. तो लावला की कार्ड दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावर आधी पिन मागितला जातो.

मात्र सावधगिरी हवी. सुरुवातीचा पिन कोणता हे आधी आपल्या कंपनीला विचारावे, अंदाजाने आकडे टाकू नयेत. तीन वेळा पिन चुकला की कार्ड अडते आणि पीयूके क्रमांक लागतो. तो सिम आले त्या प्लॅस्टिकच्या चौकटीवर छापलेला असतो किंवा कंपनीकडून मिळतो. पीयूके दहा वेळा चुकला तर कार्ड कायमचे निकामी होते. म्हणून ती चौकट फेकू नये, दुकानाच्या कागदपत्रांत ठेवावी. फोन दुरुस्तीला देताना सिम काढून आपल्याजवळ ठेवावे, एवढे तर प्रत्येकाने करावेच.

नंबर कोणाच्या नावावर आहे?

आमच्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष याच गोष्टीकडे होते. दुकानाचा नंबर दहा-पंधरा वर्षांपूर्वी कोणी घेतला? कधी मेहुण्याच्या नावावर, कधी काम सोडून गेलेल्या नोकराच्या, कधी जुन्या भागीदाराच्या. कार्ड चालते तोवर कोणाला फिकीर नसते. ते हरवले की नवे कार्ड त्यालाच मिळते ज्याच्या नावाची नोंद आहे. भागीदारी बिघडली असेल तर सर्व गिऱ्हाइकांना पाठ असलेला नंबर दुसऱ्याच्या हाती राहतो. असा नंबर दोघांचे संबंध चांगले असतानाच कंपनीच्या दुकानात जाऊन स्वतःच्या किंवा पेढीच्या नावावर करून घ्यावा.

याची दुसरी बाजूही आहे. आपल्या नावावर सिम घेऊन दुसऱ्याला वापरायला देणे धोक्याचे आहे. त्या नंबरावरून गुन्हा झाला तर पहिली विचारणा आपल्याकडे होते. एका व्यक्तीच्या नावावर नऊपर्यंत जोडण्या घेता येतात. जम्मू-काश्मीर, आसाम व ईशान्येकडील राज्यांत ही मर्यादा सहा आहे. आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत हे केंद्र सरकारच्या मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या संचार साथी पोर्टलवर पाहता येते. अनोळखी नंबर दिसला तर तेथेच कळवावे. हरवलेला फोन कोणालाही वापरता येऊ नये म्हणून तो बंद करण्याची सोयही त्याच पोर्टलवर आहे.

काढून ठेवलेले सिम

पुष्कळांकडे जुने सिम डबीत पडून असते. ते ९० दिवस वापरलेच नाही तर कंपनी ते बंद करू शकते. बंद झालेला नंबर पुढे किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. त्या नंबराला आपले बँक खाते जोडलेले राहिले असेल तर आपल्या खात्याचे संदेश परक्याकडे जातील. म्हणून नंबर सोडण्यापूर्वी बँक, आधार, जीएसटी आणि व्हॉट्सअॅप या चारही ठिकाणी नवा नंबर नोंदवावा, मगच जुना सोडावा.

आखातात नोकरीला जाणारे कोकणातील बंधू आणि उमऱ्याला जाणारे व्यापारी यांच्याकडून हेच घडते. तिकडचे सिम घालण्यासाठी इकडचे काढून घरी ठेवले जाते आणि ओटीपी अडतो. दोन सिमचा फोन असेल तर भारताचे सिम काढूच नये. निघण्यापूर्वी कंपनीकडून रोमिंग सुरू करून घ्यावे, त्या सिमचा डेटा बंद ठेवावा आणि परतेपर्यंत रिचार्ज चालू राहील हे पाहावे.

फोन हरवल्यास क्रम असा ठेवावा : प्रथम कंपनीला सांगून सिम बंद करणे, मग बँकेला कळविणे, मग पोलिसांत नोंद, त्यानंतर संचार साथीवर फोन बंद करणे आणि शेवटी नवे कार्ड घेणे. कंपनीचा व बँकेचा तक्रार क्रमांक फोनमध्ये लिहून उपयोग नाही, कारण तोच हरवलेला असतो. हे क्रमांक दुकानाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवावेत आणि दुकानात बसणाऱ्या प्रत्येकाला ते पान दाखवून ठेवावे.