सेवकवर्ग-व्यवस्थापनातील काही संज्ञा आणि आपल्या शाळा

केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयास 1985 साली ‘मानव संसाधन विकास मंत्रालय’ असे नाव देण्यात आले आणि 2020 साली ते बदलून पुन्हा ‘शिक्षण मंत्रालय’ असे करण्यात आले. मधल्या पस्तीस वर्षांत ‘मानव संसाधन’ हा शब्द शिक्षकांच्या कानांवर पुष्कळ पडला. परंतु आपल्या रोजच्या कामाशी त्याचा संबंध काय, हे क्वचितच कोणी उलगडून सांगितले. माणसाला संसाधन म्हणावे काय, हा वादाचा विषय आहे आणि प्रस्तुत लेखकासही तो शब्द फारसा रुचत नाही. तथापि एखाद्या कामास किती माणसे लागतात, ती कशी निवडावी, कोठे नेमावी, कशी तयार करावी आणि नेमल्या ठिकाणी ती टिकावी कशी, या प्रश्नांचा पद्धतशीर विचार म्हणजे हे शास्त्र होय. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील शाळांच्या संदर्भात या संज्ञा तपासू लागले असता, एखाद्या वाडीवरील शाळेत आज शिक्षक आहे की नाही, हे बऱ्याच अंशी त्यांच्याच वापरावर अवलंबून असल्याचे दिसून येते.

या भागातील अनेक कुटुंबांना नोकरीच्या परिभाषेची ओळख मुंबईच्या गिरण्यांत झाली. हुतात्मा बाबू गेनू हे आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचे. 12 डिसेंबर 1930 रोजी परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे प्राणार्पण करणारा हा तरुण गिरणी कामगार होता. त्या काळी गिरणीतील भरती जॉबरच्या हाती असे. माणूस कामावर घेणे, त्याच्यावर देखरेख ठेवणे आणि त्याला काढून टाकणे, ही तिन्ही कामे तोच करी. त्यामुळे नोकरी ही त्याच्या मर्जीची बाब होऊन बसली. ही सत्ता त्याच्याकडून काढून मजूर अधिकाऱ्याकडे सोपवावी, अशी शिफारस व्हिटले आयोगाने 1931 साली केली. पुढे 1948 च्या कारखाने अधिनियमाने पाचशे अगर त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक झाले. मर्जीच्या जागी नियम आणणे, हा या शास्त्राच्या आरंभीचा एक मोठा हेतू होता. गंमत अशी की, गिरणीत ‘बदली’ म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी त्या दिवसापुरता घेतलेला माणूस. आपल्या कार्यालयात मात्र तोच शब्द एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाण्यास लावला जातो.

जिल्हा परिषदा 1 मे 1962 रोजी अस्तित्वात आल्या आणि तत्पूर्वी जिल्हा स्कूल बोर्डाकडे असलेले प्राथमिक शिक्षक त्यांचे सेवक झाले. तेव्हापासून सर्वांत अधिक घोटाळा ज्या दोन कल्पनांमध्ये होत आला आहे, त्या म्हणजे ‘पद’ आणि ‘पदावरील व्यक्ती’. पद हे शाळेचे असते. व्यक्ती येते आणि जाते. शाळेस किती पदे मिळावीत हे ठरविण्याच्या प्रक्रियेस ‘संचमान्यता’ म्हणतात. तिचा पाया आहे पटसंख्या. 2009 च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिनियमाच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीच्या शाळेस साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्ट ते नव्वदपर्यंत तीन आणि पुढे वाढत्या क्रमाने शिक्षक सांगितले आहेत. पट घटला म्हणजे पद कमी होते आणि त्यावरील शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो. हा शब्द कानाला कठोर लागतो. परंतु त्यात शिक्षकाच्या गुणावगुणांवर कोणताही शेरा नाही. अतिरिक्त शिक्षकास जेथे पद रिक्त आहे तेथे नेमणे म्हणजे ‘समायोजन’.

पटाविषयी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. पश्चिम पट्ट्यातील आदिवासी कुटुंबे भातकापणी आटोपली की मजुरीसाठी पूर्वेकडे, नारायणगावच्या बाजूस उतरतात. तेव्हा सप्टेंबरअखेरचा पट आणि जानेवारीतील हजेरी यांत अंतर पडणे स्वाभाविक आहे. पट हे पदाचे माप आहे, हजेरी हे कामाचे. एकाचा पुरावा दुसऱ्यासाठी वापरू नये.

आता ‘कामगिरी’ या शब्दाकडे वळू. मूळ शाळेतील पद तसेच ठेवून शिक्षकास काही काळ अन्य शाळेत वा कार्यालयात काम देणे, यास आपण ‘कामगिरीवर पाठविणे’ म्हणतो. समजा, घाटमाथ्यावरील एका शाळेचा पट अठरा आहे. मंजूर पदे दोन, भरलेली पदे दोन, रिक्त पदे शून्य. त्यांपैकी एक शिक्षक कामगिरीवर अन्यत्र गेला. त्याचे वेतन मूळ शाळेच्या नावे निघते, म्हणून पत्रकात रिक्त पदे शून्यच राहतात. उरलेला शिक्षक प्रशिक्षणास, सभेस वा निवडणुकीच्या कामास गेला की त्या दिवशी चारही वर्ग शिक्षकाविना राहतात. आणि तरीही जिल्ह्याच्या गोषवाऱ्यात ही शाळा पूर्ण संचाची म्हणूनच मोजली जाते! गरज असेल तेथे कामगिरी द्यावीच लागते, हे मान्य. पण ‘कार्यरत’ हा शब्द पदाला न लावता प्रत्यक्ष वर्गावर असलेल्या शिक्षकालाच लावला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

‘समानीकरण’ ही आपल्या खात्याची खास संज्ञा. जिल्ह्यात शिक्षक अपुरे असतील, तर ती उणीव सर्व तालुक्यांनी सारख्या प्रमाणात सोसावी, म्हणून काही पदे हेतुपुरस्सर रिक्त ठेवली जातात. तत्त्व न्याय्य आहे. अडचण अशी की तालुका हे एकजिनसी माप नाही. जुन्नर म्हणजे ओतूर-नारायणगावचा बागायती मुलूख, आणि नाणेघाटाकडचा डोंगरही. आंबेगाव म्हणजे मंचरची बाजारपेठ, आणि डिंभे धरणाच्या पाण्यापलीकडचे, भीमाशंकर-आहुपेकडचे गावही. तालुक्याची सरासरी ठीक दिसत असताना सर्व रिक्त पदे एकाच बाजूस साचू शकतात. म्हणून समानीकरणाचे गणित तालुक्यावर न थांबविता केंद्रापर्यंत नेऊन पाहावे.

शिक्षकांच्या बदल्यांसाठी 27 फेब्रुवारी 2017 च्या शासन निर्णयाने ‘अवघड क्षेत्र’ व ‘सर्वसाधारण क्षेत्र’ असे दोन भाग केले. अवघड क्षेत्रात तीन वर्षे सेवा झालेला शिक्षक ‘बदली अधिकारप्राप्त’, तर सर्वसाधारण क्षेत्रात दहा वर्षे झालेला ‘बदलीपात्र’. या दोहोंत मोठा भेद आहे: पहिल्यास मागण्याचा हक्क असतो, दुसऱ्यास हलविता येते. या धोरणात 2021 व 2024 साली फेरबदल झाले असल्याने अर्ज भरताना प्रचलित निर्णय वाचावा. अवघडपणा ठरविताना पर्जन्यमान, रस्त्याचा अभाव, दूरध्वनीच्या संपर्काबाहेरचा प्रदेश आणि हिंस्र प्राण्यांचा उपद्रव यांसारख्या गोष्टी विचारात घेतल्या गेल्या. जुन्नरचा बिबट्या मात्र डोंगर सोडून सपाटीच्या उसात राहावयास आला आहे. त्याने शासकीय वर्गवारी वाचलेली दिसत नाही.

नेमलेला माणूस टिकतो कशाने, याविषयी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग याने 1959 साली मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. वेतन, कामाची परिस्थिती, वरिष्ठांची देखरेख या गोष्टी वाईट असल्या की माणूस असंतुष्ट होतो. पण त्या सुधारल्या म्हणून तो कामात रमतोच असे नाही. रमण्यासाठी कामातील यश, त्याची कोणीतरी घेतलेली दखल आणि जबाबदारी लागते. डोंगरातील शिक्षकास राहावयास खोली नाही, ही पहिल्या प्रकारची उणीव; तिच्यावर प्रशस्तिपत्रकाचा उतारा चालत नाही. उलट खोली दिली, पण वर्षभरात कोणी त्याचा वर्ग पाहावयास फिरकलेच नाही, तर ती दुसऱ्या प्रकारची उणीव होय.

‘गोपनीय अहवाल’ हे नाव आता सवयीपुरते उरले आहे. देव दत्त प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली, अहवालातील प्रत्येक शेरा, मग तो चांगला असो वा वाईट, संबंधित सेवकास कळविला पाहिजे असा निर्णय दिला. ‘सेवाज्येष्ठता’ जिल्ह्यापुरती असते. स्वतःच्या विनंतीवरून दुसऱ्या जिल्ह्यात जाणाऱ्यास तेथील यादीत शेवटचे स्थान पत्करावे लागते.

अखेरीस ‘कार्यमुक्त’ आणि ‘रुजू’ हे दोन शब्द. जाणारा शिक्षक कार्यमुक्त होतो त्या दिवसापासून येणारा रुजू होईपर्यंतचा काळ कोणाच्याच सेवापुस्तकात दिसत नाही. तो केवळ शाळेच्या हजेरीपटावर दिसतो. बदल्यांच्या हंगामानंतर लगेच पाऊस सुरू होतो आणि पश्चिमेकडील रस्ते अवघड होतात. म्हणून दोन शिक्षकी शाळेतून शिक्षकास कार्यमुक्त करण्यापूर्वी त्याच्या जागी येणाऱ्याचा आदेश निघाला आहे किंवा कसे, हे केंद्रप्रमुखांनी पाहावे, आणि मासिक पत्रकात मंजूर, भरलेली व रिक्त या रकान्यांशेजारी ‘प्रत्यक्ष वर्गावर’ असा चौथा रकाना हाताने आखून भरावा.