चवदार तळे आणि ग्रामचर्चा

सामाजिक चळवळींचा अभ्यास केवळ सनावळी पाठ करून होत नाही. चळवळ म्हणजे माणसांनी एकत्र येऊन समाजास विचारलेला प्रश्न होय. तो समजून घ्यावयाचा तर चारचौघांत बसून त्याची चर्चा व्हावयास हवी. महाडच्या सत्याग्रहाचे उदाहरण वरच्या वर्गांस या दृष्टीने उपयुक्त आहे.

शिक्षकाने प्रथम घटनाक्रम फळ्यावर लिहावा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या वर्गास खुले असावेत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. परंतु तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व परिषदेस आलेले लोक मिरवणुकीने तळ्यावर जाऊन पाणी प्याले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले आणि नगरपालिकेने ठराव मागे घेतला. डिसेंबरात न्यायालयाची मनाई असल्याने पुन्हा तळ्यावर जाणे तहकूब ठेवण्यात आले. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने विरोधकांचे अपील फेटाळले.

आता प्रश्न विचारावेत. ठराव असूनही पाणी का मिळाले नाही? मनाई हुकूम पाळण्यात संयम होता, की त्याने कार्य लांबले? अशा प्रश्नांवर मतभेद होणे स्वाभाविक आहे. शिक्षकाने निकाल देऊ नये, मात्र घडलेली गोष्ट व मत ही फळ्यावर दोन रकान्यांत वेगळी मांडावीत. अस्पृश्यता मात्र मतभेदाचा विषय नव्हे; संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने ती नष्ट केली आहे.

त्यानंतर एके सायंकाळी ग्रामस्थांस शाळेत बोलवावे. सर्वांची बैठक एकाच सतरंजीवर असावी. गावच्या पाणवठ्यावर पूर्वी कोण पाणी भरीत असे व कोणास ओंजळ धरून वाट पाहावी लागे, हे वडीलधाऱ्यांनी स्वेच्छेने सांगावे. कोणा मुलास त्याची जात विचारून उभे करू नये. “जुने उकरून काय लाभ?” असे कोणी म्हटल्यास त्यांचेही शांतपणे ऐकावे, आणि ज्यांना वाट पाहावी लागली त्यांचे त्याहूनही शांतपणे ऐकावे.

बैठक संपताना मुलांनी एकच गोष्ट लिहून काढावी : आज गावात कोणता ठराव अद्याप कागदावरच आहे? ज्या शाळेत हा प्रश्न प्रामाणिकपणे लिहिला जाईल, तेथे महाडचा पाठ खरोखर शिकविला गेला असे समजावे.